सुंठीवाचून खोकला

‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण ज्या कुणी प्रथम उच्चारली, त्याला खोकला कधी झालाच नसावा असा माझा दाट संशय आहे. निदान माझ्यासारखा झाला नसावा. कारण माझा खोकला सुंठीने गेला नाही, ज्येष्ठमधाने गेला नाही, लाल-हिरव्या बाटल्यांनीही गेला नाही. शेवटी तो गेला (म्हणजे बराचसा गेला, अगदीच गेला असं लिहिलं तर घरातली माणसं हसतील) तो एका पंचविशीच्या मुलीने शिकवलेल्या गिळण्या-फुंकण्याने. तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवतात ना, त्या खोलीत. सुंठीवाचून गेला हे खरंच. पण त्या म्हणीत जो सुखासुखीचा अर्थ आहे, तो माझ्या वाट्याला आला नाही.

२०२१ ची दिवाळी आटोपली आणि मला सर्दी झाली. ते दिवसच असे होते की साधी शिंक आली तरी घरदार घाबरे. लगेच नाकात काडी घालून तपासणी झाली. ‘तो’ रोग नव्हता. चार-सहा दिवसांत सर्दी गेली, पण जाताना खोकला मागे ठेवून गेली. पाहुणा जावा आणि त्याची वळकटी आपल्या घरी राहावी, तसं. आज नेईल, उद्या नेईल म्हणून आपण वाट पाहतो आणि हळूहळू ती वळकटी आपल्याच घरची होऊन बसते.

कफ नाही, ताप नाही, दम नाही. नुसती कोरडी ढास. घशाच्या खळगीपाशी कुणीतरी गव्हाचं कुसळ फिरवावं तसं व्हायचं, आणि मग जी उबळ यायची ती डोळ्यांतून पाणी काढूनच थांबायची. फोडणीचा खकाणा, उदबत्तीचा धूर, कचेरीतली गार हवा, कुणाच्या अंगावरचं अत्तर, एवढंच काय पण हसणं आणि बोलणं, कशानेही ती यायची. बोलण्याने तर हमखास. आमचे हे म्हणत, “देवाने शेवटी माझं गाऱ्हाणं ऐकलं म्हणायचं!” पहिल्या महिन्यात मीही या विनोदाला हसले. हसले की खोकला यायचा.

मी डोंबिवलीची. फोर्टातल्या एका कचेरीत माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. डोंबिवलीच्या बाईला सकाळच्या फास्ट गाडीत टेकायला जागा मिळणं म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. तीस वर्षांत जे मला साधलं नाही ते खोकल्याने साधलं. डब्यात शिरून मी दोनदा खोकले की भोवती हातभर जागा मोकळी होई. चौथ्या सीटवरची बाई आपण होऊन उठे आणि दाराशी वाऱ्यावर जाऊन उभी राही. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटली. मग एके दिवशी, जिच्या शेजारी बसून मी अकरा वर्षं मटार सोलले, ती मैत्रीण मला पाहून ओढणी नाकाशी धरत पलीकडच्या बाकाकडे वळली. गंमत संपली.

खोकल्याचं औषध ठाऊक नाही असा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. शेजारच्या काकांनी अडुळशाची पानं आणून दिली. वन्संनी मधातली सुंठ सांगितली, जाऊबाईंनी बेहड्याची साल दाढेखाली धरायला लावली, कचेरीतल्या शिपायाने कांद्याचा रस सुचवला आणि साहेबांनी होमिओपथीच्या गोळ्या. कुणी म्हणे केळी सोड, कुणी म्हणे दही सोड, कुणी म्हणे काळजी सोड. केळी आणि दही मी सोडलं.

बाटल्यांचा मला एकच गुण आला: झोप. तसा खोकल्याच्या औषधांचा इतिहासही काही फार सोज्वळ नाही म्हणा. १८९८ साली बायर या जर्मन कंपनीने खोकल्यावरचा नामी उपाय म्हणून एक औषध बाजारात आणलं, त्याचं नाव हेरॉइन. होय, तेच ते! त्यामानाने माझ्या बाटल्या अगदीच सालस होत्या.

पुढच्या मे महिन्यात सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटकाला गेलो होतो. दुसरा अंक. म्हातारा बाप मुलीचं जुनं पत्र उघडून वाचतो आहे, सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं, आणि माझ्या घशात कुसळ फिरलं. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पण उबळ आली ती आलीच. रंगमंचावरचा नट पत्र हातात धरून क्षणभर थांबला, आणि पुढच्या चार रांगांतल्या माना माझ्याकडे वळल्या. मी अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर आले आणि बटाटेवड्याच्या टेबलापाशी बसून राहिले. हे मात्र तिकिटाचे पैसे वसूल करून मगच बाहेर आले, आणि माझी राहिलेली वाक्यं त्यांनी रिक्षात मला साभिनय म्हणून दाखवली.

ओढणीचा बोळा सगळंच आवरू शकत नाही. जोराच्या उबळीबरोबर बायकांची आणखी एक फजिती होते, ती इथे छापण्याजोगी नाही. ज्यांची होते त्या हे वाचतानाच मान हलवतील. मी पिशवीत कपड्यांचा जादा जोड घेऊन बाहेर पडू लागले, आणि पुढे पुढे कचेरीखेरीज बाहेर पडेनाशीच झाले.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. पण घरात आई होती.

आई माझ्याकडेच असते. तेव्हा तिला पंच्याऐंशीवं लागलं होतं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलेला. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात ती कुठे अडखळत नाही. पण समोरचं अक्षर आणि समोरच्या माणसाचा चेहरा, नेमकं तेवढंच दिसत नाही. जिने जन्मभर भात शिजेपर्यंतसुद्धा हातात पुस्तक धरलं, तिच्या नशिबी हे यावं! म्हणून संध्याकाळी कचेरीतून आल्यावर, दिवेलागणीनंतर तासभर मी तिला वाचून दाखवायचं हा आमचा सात वर्षांचा नेम. आधी वर्तमानपत्रातले कोण गेले, कोण आजारी आहेत ते, मग कादंबरी, आणि दिवाळीनंतर दोन-अडीच महिने दिवाळी अंक. अंकाचाही तिचा क्रम ठरलेला. आधी कथा, मग लेख, शेवटी राशिभविष्य, तेही स्वतःच्या नव्हे, माझ्या राशीचं.

खोकल्याने तो तास खाऊन टाकला. एक परिच्छेद वाचावा, खोकावं. दोन ओळी वाचाव्या, खोकावं. नायिका दार उघडायला उठली आहे आणि दाराबाहेर कोण आहे हे कळायला पाच मिनिटं. आई कधी चिडली नाही. थोडे दिवस ती थांबून राहिली, मग म्हणायला लागली, “आज राहू दे. मला झोप येतेय.” संध्याकाळी साडेसातला कुणाला झोप येते? मी दिवा मालवून बाहेर येई, आणि आत ती जागी असल्याचं मला कळे. तिची जपमाळ हलत असे. लाकडी मणी एकमेकांवर हळूच वाजत. देवाचं नाव घेते आहे, घेऊ दे, असं मला वाटे.

मुलाने तिला मोबाइलवर बोलकी पुस्तकं लावून दिली. दोन दिवस तिने ऐकली. म्हणाली, “चांगलं वाचतो हो तो माणूस. पण मध्ये थांबत नाही. मला काही विचारायचं असलं तर?”

तपासण्यांत काही कसूर झाली नाही हे इथे मुद्दाम सांगते. नाहीतर पुढचं वाचून कुणी छातीचा फोटो न काढताच फुंकायला बसायचं. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला की आधी क्षयाची शंका फेडून घ्यायची असा दंडकच आहे. ती फेडली. नळीत फुंकून दम्याची परीक्षा झाली. नाकातून घशात काही उतरतं का पाहिलं, पित्त वर चढतं का म्हणून दोन महिने गोळ्या घेतल्या. रक्तदाबासाठी कुठली गोळी घेता हेही विचारून झालं. कारण रामिप्रिल, एनालाप्रिल अशा ‘प्रिल’ शेपटाच्या गोळ्यांनी काहींना असाच कोरडा खोकला लागतो. यांच्या एका मित्राचा दीड वर्षाचा खोकला डॉक्टरांनी गोळी बदलून दिल्यावर महिन्याभरात गेला. ते पेढे घेऊन आले तेव्हा मला त्यांचा इतका हेवा वाटला की पेढा गिळवेना. माझी गोळी ‘प्रिल’वाली नव्हती. मला काहीच नव्हतं. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपुढे गेला की त्याला जुनाट म्हणतात. माझे साठ आठवडे होत आले होते, आणि कागदोपत्री मी ठणठणीत होते.

एका डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “बाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही. मनाचे खेळ आहेत. जरा मन रमवा.” मी त्यांच्या जिन्यात उभी राहून रडले. रडण्यानेही खोकला येतो हे त्या दिवशी कळलं.

घरी आले तर आईचा एकच प्रश्न. “फोटो स्वच्छ आहे ना? नक्की?” तिने तीनदा विचारलं. तिची थोरली बहीण, अक्का, १९४७ साली क्षयाने गेली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागलेला होता, पण ते आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत पोचलं नव्हतं. मिरजेला वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये तिला ठेवलं होतं, आणि ती तिथून परत आली नाही. आई तेव्हा दहा वर्षांची. ही हकीकत तिने आम्हाला उभ्या जन्मात एकदाच सांगितली होती.

तिसरे डॉक्टर कान-नाक-घशाचे. त्यांनी दुर्बीण घालून घसा पाहिला आणि चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले: स्पीच थेरपी.

“म्हणजे?” मी विचारलं. “मी काय तोतरी आहे?”

“तुम्ही जाऊन तर या,” ते म्हणाले. जे डॉक्टर जास्त समजावत नाहीत त्यांच्यावर माझा विश्वास चटकन बसतो, ही माझी जुनी खोड. गेले.

व्हरांड्याच्या टोकाला ती खोली. भिंतीवर ‘क’ कमळाचा, ‘ख’ खटाऱ्याचा. बाकावर माझ्या एका बाजूला कानात यंत्र लावलेला चार वर्षांचा मुलगा. दुसऱ्या बाजूला अर्धांगाने वाचा गेलेले एक गृहस्थ, त्यांची बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून त्यांच्याकडून “घ... घ...” एवढंच म्हणवून घेत होती, आणि त्यांना ते येत नव्हतं. धडधाकट बोलणारं तोंड घेऊन त्या दोघांच्या मध्ये बसायची मला लाज वाटली. तेवढ्यात मला उबळ आली. त्या पोराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे आपल्या कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

आत गेले तर समोर माझ्या भाचीएवढी मुलगी. तिने माझी ती जाडजूड फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग म्हणाली, “काकू, तुमचा खोकला खरा आहे.” चौदा महिन्यांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

मग ती म्हणाली, “तुमच्या सोसायटीत चोरी झाली की त्यानंतर गुरखा काय करतो?”

“शिट्ट्या मारतो.”

“कुणाला?”

“कुणालाही. पहाटे दूधवाल्यालासुद्धा.”

“तसंच झालंय. सर्दी हा चोर. तो केव्हाच पळाला. पण स्वरयंत्राचं पहिलं काम पहाऱ्याचं. बोलणं त्याच्या मागून आलं. तिथल्या नसा त्या सर्दीपासून इतक्या हळव्या झाल्यात की फोडणीलाही शिट्टी, गार हवेलाही शिट्टी, तुमच्या स्वतःच्या आवाजालाही शिट्टी. आणि प्रत्येक खोकल्याला स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात. आपटल्या की जागा हुळहुळी होते, हुळहुळी झाली की परत खोकला.”

मी माझं लहानपणापासूनचं ज्ञान तिला ऐकवलं: खोकला दाबू नये, बाहेर पडू द्यावा. ती म्हणाली, “कफ असेल तर अगदी खरं. तुमच्यापाशी बाहेर पडण्यासारखं आहे काय?”

काहीच नव्हतं. चौदा महिने मी रिकामी विहीर उपसत होते.

“खोकला हा अर्धा आपल्या हातात असतो,” ती म्हणाली. “म्हणून तर आपण मुद्दामही खोकू शकतो.” हे मला एकदम पटलं, आणि पटलं ते नाटकामुळे. अंक चालू असताना सगळं चिडीचूप असतं. पडदा पडला रे पडला की नाट्यगृहभर खोकल्यांची लड लागते. मग ती माणसं तासभर काय करत होती? थोपवून धरत होती!

तिने जे शिकवलं ते लिहायला बसलं तर चार ओळींत संपतं. खोकला येण्याआधी जी चाहूल लागते, माझं ते कुसळ, ती ओळखायची. ओळखली की तोंड मिटून जोराने आवंढा गिळायचा किंवा पाण्याचा लहानसा घोट घ्यायचा. मग नाकाने फूल हुंगल्यासारखे दोन छोटे श्वास, आणि ओठांचा चंबू करून तो सावकाश बाहेर सोडायचा.

“बशीतला चहा निववतात तसा?”

“अगदी तसा! आणि खांदे खाली. काकू, खांदे कानांना लागलेत तुमचे.”

हे सगळं खोकला आलेला नसताना दिवसातून अनेकदा करायचं. तहान लागल्यावर विहीर खणायला घ्यायची नाही. चहा कमी, पाण्याची बाटली सतत जवळ, तोंडाने श्वास नाही, झणझणीत पुदिन्याच्या गोळ्या बंद, चघळायचंच तर साधी खडीसाखर. आणि खाकरायचं नाही. “मी कुठे खाकरते?” असं मी म्हटलं आणि खाकरले. तिने कागद पुढे केला. आमचं बोलणं सुरू झाल्यापासून तिने चौदा रेघा ओढल्या होत्या.

“एकदम बंद करायला जाऊ नका. आज पाच सेकंद थोपवा, उद्या दहा. आणि आठवडाभर रोज किती वेळा खोकलात ते मोजून आणा.”

आता ते मोजायचं कसं? घरी येऊन मी हेच बडबडत होते. आतून आई म्हणाली, “मोजायला कशाला हवं? माझ्याकडे आहे की.”

“काय आहे?”

“हिशेब. दिवे लागल्यापासून तू झोपेपर्यंतचा. काल एक माळ आणि वर बावीस मणी.”

माळेत मणी एकशे आठ. म्हणजे एकशे तीस. मी तिच्या पलंगापाशी खाली बसले. “कधीपासून मोजतेस?”

“पहिल्यापासून. अक्काचंही मोजायची मी. मिरजेला नेईपर्यंत आम्ही एकाच खोलीत निजायचो.” थोडं थांबून म्हणाली, “मोजलं की वाटतं, आपण काहीतरी करतोय.”

आणि मी समजत होते, देवाचं नाव घेते आहे.

पहिला आठवडा साफ फसला. एकशे चोवीस, एकशे एकेचाळीस, एकशे तेहेतीस. कुसळ फिरल्यावर न खोकणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळावं. देव्हाऱ्यासमोर आलेली जांभई दाबतो ना आपण, तिची हजारपट. तोंड लाल, डोळ्यांत पाणी, पाच सेकंद म्हणजे पाच युगं, आणि सहाव्या सेकंदाला भडका. हे म्हणत, “बशी नसताना चहा कसला फुंकतेस?” मी ठरवून टाकलं की हे असले पोरखेळ आपल्यासाठी नव्हेत.

इथे मुलगा उपयोगी पडला. त्याने इंटरनेटवरून शोधून काढलं की ही विद्या आमच्या त्या मुलीने मनाने काढलेली नाही. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल म्हणून कोळशाचं बंदर आहे. तिथे ॲन व्हर्टिगन या वाचोपचार करणाऱ्या बाई आणि पीटर गिब्सन हे छातीचे डॉक्टर यांनी ८७ चिवट खोकलेवाले गोळा केले. सगळे औषधं करून थकलेले. निम्म्यांना हे असं गिळणं-फुंकणं शिकवलं. उरलेल्यांना तेवढ्याच भेटी, तेवढाच वेळ, पण उपदेश नुसता आरोग्याचा: व्यायाम करा, नीट जेवा, वगैरे. २००६ साली निकाल छापून आला. शिकवलेल्यांपैकी ८८ टक्के सुधारले, उपदेशवाल्यांपैकी १४. तेव्हा नुसत्या गोड बोलण्याने खोकला जातो असं म्हणायला जागा राहिली नाही. पुढे २०१७ साली इंग्लंडमध्ये ७५ जणांवर असाच प्रयोग झाला. त्यात खोकले यंत्राने मोजले आणि ते दुसऱ्या गटाच्या मानाने ४१ टक्क्यांनी उतरले.

“म्हणजे पुरते जात नाहीतच,” मी म्हणाले. माझा स्वभावच असा.

आई म्हणाली, “शंभरातले एक्केचाळीस गेले तर उरले एकोणसाठ. तेवढ्यात वाचन होतं.”

मुलाने आणखी एक बातमी आणली होती. या खोकल्यासाठी खास तयार केलेली एक गोळी २०२२ साली जपानात मंजूर झाली. पण ती घेणाऱ्या पुष्कळांच्या तोंडाची चव बिघडते. “मग जेवायचं कशाला?” आईने निकाल दिला.

दुसऱ्या भेटीत त्या मुलीने माझी चूक दाखवली. मी घसा आवळून खोकला अडवत होते. दार लोटून धरावं तसा. तिने माझा हात माझ्याच गळ्यावर ठेवायला लावला आणि सैल सोडलेला घसा कसा लागतो ते मला बोटांनी समजावलं. कुठल्याही पुस्तकात वाचून हे मला कळलं नसतं. पाण्यात पडल्यावर हातपाय झाडणारा माणूस ज्या क्षणी स्वस्थ होतो त्या क्षणी तरंगतो, तशातली ती गोष्ट. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आईने माळ वर धरली. “आज पुरी झाली नाही!” ब्याऐंशी मणी. यांनी जाऊन जिलबी आणली.

मग होळी आली आणि तिच्या धुराने पुन्हा दीड माळ केली. मला वाटलं, संपलं सगळं. तिसऱ्या भेटीला जाऊन बसले तर ती मुलगी म्हणाली, “गुरखा आहे तो, काकू. होळीला शिट्टी मारणारच. उद्यापासून परत.” उद्यापासून परत. चौथ्या भेटीनंतर तिने माझी फाइल बंद केली. त्या दिवशी बाकावर ते अर्धांगवाले गृहस्थ होते. मला पाहून त्यांनी घड्याळाकडे बोट केलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, “घ... ड्या.” ‘ळ’ राहिला होता. त्यांची बायको माझ्याकडे पाहून अशी हसली की माझी सगळी फजिती मला फार किरकोळ वाटली.

एक गोष्ट मात्र मनात राहते. ही विद्या आपल्या देशात नवी नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ ची, आपल्या वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलंमुली तोतरेपणावर, बहिरेपणावर, अर्धांगावर काम करतात हे आपल्याला ठाऊक असतं. पण खोकल्याला त्यांच्या दारात जायचं, हे मला चौदा महिन्यांत शेजारच्या काकांपासून कचेरीतल्या साहेबांपर्यंत एकालाही सुचलं नाही. कांद्याचा रस सुचला!

वटपौर्णिमेपर्यंत माळ तीस मण्यांवर आली, गणपतीपर्यंत पंधरा-वीसवर. उदबत्ती लावली की अजून कुसळ फिरतं. आम्ही नुसतं निरांजन लावतो. पाण्याची बाटली गळ्यातल्या मंगळसूत्रासारखी जवळ असते. सर्दी झाली की दोन-चार दिवस गुरखा पुन्हा बेफाम होतो. तेवढं चालायचंच.

२०२३ च्या दिवाळीत मुलाने पाच अंक आणून आईच्या मांडीवर ठेवले. तिने एकेक उचलून नाकाशी नेऊन नव्या कागदाचा वास घेतला आणि त्यातला सगळ्यांत जाड माझ्याकडे सरकवला. मी दिवा लावला. कथा अकरा पानांची होती, कोकणातल्या एका घराच्या वाटणीची. दोन भाऊ, एक विहीर. चौथ्या पानावर धाकटा भाऊ विहिरीच्या काठाशी येऊन उभा राहिला आणि माझ्या घशात कुसळ फिरलं. मी तोंड मिटलं. गिळलं. खांदे सोडले. हुंगलं, हुंगलं, आणि चहा फुंकला. खोलीत काही वाजलं नाही.

“फुंकलंस?” आईने विचारलं.

“फुंकलं.”

“मग? उडी मारतो की काय तो?”

तो उडी मारत नाही. थोरला त्याला हाक मारतो. अकराव्या पानापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि यांची जेवणासाठी दुसरी हाक झाली होती. मी अंक मिटला.

“किती झाले ग?”

आईने उशाखाली हात घातला, पलंगावर चाचपडलं. माळ खिडकीतच राहिली होती. “अगं बाई,” ती म्हणाली, “मोजायचं विसरलेच.” आणि लगेच, “राशिभविष्य राहिलं बघ तुझं. तेवढं वाच.”

मी पान उघडलं. माझ्या राशीला लिहिलं होतं: घशाचे जुने दुखणे उलटण्याचा संभव, जपून असावे. मी तिला प्रवासाचा योग आहे म्हणून सांगितलं.